वाघोलीची धूळ आणि दिल्लीतील तज्ज्ञ समिती

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर वाघोलीच्या पुढेमागे प्रवास करणाऱ्याला खडीने भरलेले डंपर आणि क्रशरची पांढुरकी धूळ नवी नाही. दगडखाणींचे गाव ही वाघोलीची जुनी ओळख. २०२१ मध्ये हे गाव पुणे महापालिकेत आले. त्याच्या आधीपासूनच खाणींच्या आसपास मोठमोठी गृहसंकुले उभी राहत होती. खाणीत काम करणारा मजूर आणि दहाव्या मजल्यावर राहणारे कुटुंब यांच्या राहणीत फार मोठे अंतर आहे, पण धूळ दोघांच्याही वाट्याला येते. या धुळीचा फुप्फुसांवर नेमका काय परिणाम होतो, हा प्रश्न दोघांनाही पडू शकतो.

प्रश्न सोपा आहे, उत्तर सोपे नाही. ते शोधायचे तर काही शे लोकांच्या श्वसनक्षमतेची चाचणी करावी लागेल, छातीचे एक्स-रे काढावे लागतील, वेगवेगळ्या ऋतूंत हवेचे नमुने घ्यावे लागतील आणि हेच सारे दोन-तीन वर्षे पुन्हा पुन्हा करावे लागेल. त्यासाठी माणसे हवीत, यंत्रे हवीत आणि अर्थातच पैसा हवा. असा पैसा आपल्याकडे मुख्यतः केंद्र सरकारच्या संस्था देतात. तो कोणाला द्यायचा हे कसे ठरते, याची चर्चा वैज्ञानिकांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच होते. ती व्हायला हवी, कारण कोणत्या आजाराचा अभ्यास होणार आणि कोणता आजार दुर्लक्षित राहणार, हे याच टप्प्यावर ठरत असते.

ही चर्चा आत्ताच करण्याला निमित्तही आहे. १ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जैववैद्यकीय संशोधन करिअर कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यासाठी १,५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यातील १,००० कोटी केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीबीटी देणार असून ५०० कोटी ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट देणार आहे. २००८-०९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या नव्या टप्प्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या शहरांतील संशोधनाला बळ देण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले आहे. उद्दिष्ट चांगले आहे. ते साधणार की नाही, हे मात्र निवडीच्या पद्धतीवर अवलंबून आहे.

शंभरातले चार रुपये

आधी पैसा किती आहे ते पाहू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयासाठी सुमारे ९९,८५९ कोटी रुपये ठेवण्यात आले. त्यातील आरोग्य संशोधन विभागाचा वाटा सुमारे ३,९०१ कोटी रुपयांचा, म्हणजे शंभर रुपयांतले चार रुपयेही पुरते नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, अर्थात आयसीएमआर, याच विभागाखाली येते. १९११ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४९ मध्ये आजचे नाव मिळालेल्या या परिषदेच्या देशभरात दोन डझनांहून अधिक संस्था आहेत. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ही त्यांपैकीच एक. या संस्थांचे पगार, प्रयोगशाळा आणि साथीच्या काळातील कामे यांचा खर्च त्याच तरतुदीतून होतो. बाहेरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना, विद्यापीठांना आणि स्वयंसेवी संशोधन संस्थांना दिली जाणारी अनुदानेही त्याच तिजोरीतून निघतात.

आयसीएमआरशिवाय जैवतंत्रज्ञान विभाग आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचे या प्रतिष्ठानाचे लक्ष्य असले, तरी त्यातील सरकारचा वाटा १४,००० कोटींचा आहे आणि उरलेली रक्कम उद्योग, देणगीदार आदी बिगरसरकारी स्रोतांतून येणे अपेक्षित आहे. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. आरोग्य संशोधनाला त्यातला एक तुकडा मिळतो. थोडक्यात, ताट लहान आहे आणि पंगत मोठी. अशा वेळी वाढप्याच्या हाताला महत्त्व येते.

प्रस्तावाचा प्रवास

समजा, वाघोली परिसरातील एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापिकेने खाणमजुरांच्या फुप्फुसांचा अभ्यास करायचे ठरवले आणि आयसीएमआरकडे अर्ज केला. या अर्जाचा प्रवास कसा होईल?

पहिली पायरी पात्रतेची. अर्जदार नियमित नोकरीत असावी लागते आणि तिची संस्था मान्यताप्राप्त असावी लागते. खासगी संशोधन संस्थेला केंद्राच्या विज्ञान आणि औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता लागते. अनुदानाच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. लहान अनुदान दोन कोटी रुपयांपर्यंतचे आणि मध्यम अनुदान दोन ते आठ कोटींचे. प्रगत संशोधन केंद्रांसाठी त्याहून मोठी रक्कम मिळते. परिषदेने संशोधनाचे चार प्रकारही केले आहेत. आजाराचे स्वरूप आणि व्याप्ती मोजणारे, नवे ज्ञान शोधणारे, लस, औषध किंवा उपकरण विकसित करणारे आणि उपलब्ध उपाय लोकांपर्यंत कसे पोहोचवावेत हे तपासणारे. वाघोलीचा अभ्यास पहिल्या प्रकारात बसेल.

दुसरी पायरी छाननीची. विषय परिषदेच्या प्राधान्यक्रमात बसतो का, हे इथे पाहिले जाते. त्यानंतर अर्ज विषयतज्ज्ञांकडे जातो. ते ठरावीक निकषांवर त्याचे मूल्यमापन करतात. प्रश्न महत्त्वाचा आहे का, त्यात नवीन काय, पद्धत बिनचूक आहे का, हे काम या चमूला जमेल का आणि मागितलेला खर्च रास्त आहे का, असे हे निकष. निवडक अर्ज समितीपुढे येतात, अर्जदारांना मोजक्या मिनिटांत मांडणी करावी लागते आणि प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. समितीची शिफारस वित्त विभागाच्या संमतीने अंतिम मंजुरीसाठी जाते. मग मंजुरीपत्र निघते आणि पहिला हप्ता येतो. पुढचा हप्ता प्रगती अहवाल आणि खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. माणसांवरील संशोधनासाठी नीतिमत्ता समितीची परवानगी तर हवीच.

‘त्यात नवीन काय?’ या निकषावर वाघोलीचा अर्ज अडण्याची शक्यता सर्वाधिक. दगडाच्या धुळीमुळे सिलिकोसिस होतो, ही वैद्यकशास्त्रातील जुनी माहिती आहे. आयसीएमआरचीच अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या आजारावर अनेक वर्षे काम करते आहे. मग आणखी एक अभ्यास कशाला, असे एखादा तज्ज्ञ विचारील आणि त्याचा प्रश्न गैर नसेल.

पण अर्जदाराने गृहपाठ केला असेल, तर उत्तरही तयार असेल. सिलिकोसिसचे बरेचसे ज्ञान राजस्थानातील वालुकाश्म किंवा क्वार्ट्झ असलेल्या दगडांच्या खाणींतून आले आहे. त्या दगडांत मुक्त सिलिकाचे प्रमाण भरपूर असते. वाघोलीचा दगड म्हणजे दख्खनचा काळा कातळ, बेसाल्ट. त्यात मुक्त सिलिका बरीच कमी असते. मग ही धूळ तुलनेने निरुपद्रवी आहे, की सिलिकोसिस न होताही ती श्वसनमार्गाला इजा करते? सिलिकाच्या धुळीमुळे क्षयरोगाची जोखीम वाढते हे माहीत आहे. बेसाल्टच्या धुळीत तसे काही घडते का? धुळीत डिझेलचा धूर मिसळल्यावर काय होते? महाराष्ट्रात खाणी, क्रशर आणि रस्त्यांची कामे मुख्यतः याच कातळावर चालतात. त्यामुळे प्रश्न एका गावापुरता राहत नाही. असा अर्ज तज्ज्ञाला थांबून विचार करायला लावील.

असा अर्ज लिहायला मात्र अनुभव लागतो आणि तो अनुभव आधी अनुदान मिळालेल्यांकडेच जास्त असतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील ५७९ वैद्यकीय शिक्षणसंस्थांच्या दहा वर्षांतील संशोधनाचा आढावा घेतला होता. ३३२ संस्थांतून, म्हणजे निम्म्याहून अधिक संस्थांतून, त्या काळात एकही शोधनिबंध निघालेला नव्हता. उलट केवळ २५ संस्थांनी एकूण निबंधांपैकी ४० टक्के निबंध दिले होते. अनुदान नाही म्हणून संशोधन नाही, संशोधन नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून पुन्हा अनुदान नाही, असे हे चक्र आहे. निवड प्रामाणिक असली तरी ते आपोआप तुटत नाही.

तज्ज्ञांचे एकमत किती?

जगभर अनुदानाची निवड समकक्ष तज्ज्ञांच्या परीक्षणातून होते. त्याच क्षेत्रातल्या जाणकारांनी अर्ज तपासावा, हे तत्त्व योग्यच आहे. मंत्री किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा ते कितीतरी बरे. तरी या पद्धतीलाही मर्यादा आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या मोजल्या. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, ही जैववैद्यकीय संशोधनाला निधी देणारी जगातील सर्वांत मोठी सरकारी यंत्रणा. तिच्याकडे आलेले २५ अर्ज ४३ परीक्षकांना तपासायला देऊन प्रत्यक्षासारख्याच बैठका घेण्यात आल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की एकाच अर्जाबाबत वेगवेगळ्या परीक्षकांच्या मतांत जवळपास काहीही मेळ नव्हता. अर्ज मंजूर होतो की नाही, हे अर्ज कोणाच्या हाती पडला यावरही अवलंबून असते, असा त्याचा अर्थ.

अगदीच कच्चे अर्ज बाजूला काढणे तज्ज्ञांना जमते. अडचण येते ती चांगल्या आणि खूप चांगल्या अर्जांत फरक करताना. पैसा कमी असला की नेमके तिथेच निर्णय घ्यावे लागतात. काही देशांनी ही मर्यादा उघडपणे मान्य केली आहे. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद २०१३ पासून एका छोट्या अनुदान योजनेत, गुणवत्तेची किमान पातळी गाठणाऱ्या अर्जांतून चिठ्ठी काढून निवड करते. स्वित्झर्लंडचे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान २०२१ पासून बरोबरीत आलेल्या अर्जांसाठी हाच मार्ग वापरते. विज्ञानाचा पैसा चिठ्ठीवर, हे ऐकायला विचित्र वाटते. पण ज्यांत फरक करता येत नाही त्यांत फरक केल्याचा आव आणण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे. शिवाय चिठ्ठीला अर्जदाराच्या संस्थेचे नाव दिसत नाही.

दुसरा उपाय साधा आहे. नाकारलेल्या अर्जदाराला परीक्षकांची लेखी मते पूर्ण स्वरूपात द्यायची. एनआयएचमध्ये प्रत्येक अर्जदाराला ती मिळतात. आपला अर्ज कुठे कमी पडला हे कळले, तर पुढचा अर्ज सुधारतो. मोठ्या संस्थेत हे सांगायला अनुभवी वरिष्ठ असतात. लहान महाविद्यालयातील प्राध्यापिकेला ते सांगणारा परीक्षकाशिवाय दुसरा कोणी नसतो.

वढूचे उदाहरण

निवडीनंतरचा प्रश्न मुदतीचा. त्याचे उत्तर वाघोलीहून फार दूर नाही. अहिल्यानगर रस्त्याने लोणीकंद आणि पेरणे फाटा मागे टाकून कोरेगाव भीमाला आत वळले की वढू बुद्रुक लागते. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. याच गावात पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प चालतो. शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांतील जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नियमित नोंद या प्रकल्पात ठेवली जाते. असे नोंदवलेले क्षेत्र हाताशी असले, की एखादी लस किंवा उपचार तपासताना विश्वासार्ह उत्तर मिळते.

रोटाव्हायरसवरील ‘रोटाव्हॅक’ या भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०११ मध्ये सुरू झाली. त्यासाठी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशी तीन केंद्रे निवडली गेली. पुण्याचे केंद्र म्हणजे वढूचा हा ग्रामीण परिसर. तिन्ही ठिकाणी मिळून ६,७९९ बाळांना चाचणीत सामील करण्यात आले. रोटाव्हायरसच्या तीव्र अतिसारापासून लशीने सुमारे ५४ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. हा आकडा फार मोठा वाटणार नाही. पण त्या काळात या विषाणूमुळे देशात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ७८,००० मुले दगावत होती आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागत होते, असा अंदाज होता. त्या आकड्यांपुढे ५४ टक्क्यांचे मोल कळते. २०१६ मध्ये ही लस सरकारी लसीकरणात आली आणि २०१९ पर्यंत रोटाव्हायरस लसीकरण देशभर पोहोचले.

या लशीचे मूळ शोधायचे तर १९८५-८६ पर्यंत मागे जावे लागते. दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांना विषाणूची लागण होऊनही अतिसार झाला नाही, हे डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्या बाळांतून मिळालेला विषाणूचा प्रकार पुढे लशीचा आधार झाला. प्रयोगशाळेतील त्या निरीक्षणापासून सरकारी लसीकरणापर्यंत तीस वर्षे गेली. या प्रवासात जैवतंत्रज्ञान विभागाने साथ सोडली नाही. अमेरिका, नॉर्वे आणि ब्रिटनच्या सरकारी संस्था, गेट्स फाउंडेशन, पाथ ही संस्था आणि भारत बायोटेक ही कंपनी यांचाही त्यात वाटा होता. तीन वर्षांचे एक अनुदान धरले, तर हे दहा अनुदानांचे अंतर झाले. त्यातला एखादा दुवा जरी निसटला असता, तरी वढूच्या आयांनी आपली बाळे चाचणीसाठी आणण्याची वेळच आली नसती.

पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. १९९३ मध्ये त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास सुरू केला. इथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर ब्रिटनमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजनात एवढा फरक असूनही इथल्या बाळांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, पण आतून चरबी राखून असलेले बाळ ही कल्पना त्यातून पुढे आली आणि भारतीयांना तरुण वयात, कमी वजन असतानाही मधुमेह का होतो, याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ती मुले सहा वर्षांची, बारा वर्षांची आणि अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. या अभ्यासाला पैसा दिला तो ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने. शिरूरच्या शेतकरी बायकांच्या पोटातील बाळांचा प्रश्न लंडनमधील समितीला महत्त्वाचा वाटला, ही आनंदाची गोष्ट आहे. वीस-पंचवीस वर्षे चालणाऱ्या अभ्यासांसाठी आपल्या यंत्रणेत सहज जागा का नसते, असा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

तीन वर्षांच्या चौकटीत संशोधक तीन वर्षांत उत्तर मिळेल असेच प्रश्न निवडतो. खाणमजुराच्या फुप्फुसाला दहा वर्षांनी काय होते, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नाही. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस नोंदी ठेवणारे कर्मचारी घरी जातात आणि गावाशी जुळलेला विश्वासही त्यांच्याबरोबर जातो.

दुसऱ्याच्या तिजोरीवर भिस्त

परदेशी निधीवर विसंबण्यातला धोका २०२५ मध्ये ठळकपणे दिसला. एनआयएचचा वार्षिक अर्थसंकल्प सुमारे ४७ अब्ज डॉलरचा आणि त्यातील ८० टक्क्यांहून अधिक रक्कम बाहेरच्या संशोधकांना दिली जाते. दोन पातळ्यांवरील तज्ज्ञ परीक्षणासाठी ही संस्था जगाला आदर्श वाटत आली. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी तिने विद्यापीठांना मिळणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. ती पुढे न्यायालयात अडली. अनेक चालू अनुदाने मध्येच रद्द झाली. १ मे रोजी परदेशी सहकारी संस्थांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवण्याची घोषणा झाली. ७ ऑगस्टच्या अध्यक्षीय आदेशाने तर अनुदानांच्या निर्णयात राजकीय नियुक्तीच्या अधिकाऱ्यांची तपासणी आणली आणि तज्ज्ञांची शिफारस केवळ सल्ल्यापुरती असल्याचे स्पष्ट केले.

पुण्याला हे अंतर लांबचे नाही. ससून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने अनेक वर्षे एचआयव्ही आणि क्षयरोगावर संशोधन चालले आहे आणि त्याला एनआयएचच्या निधीचा मोठा आधार राहिला आहे. स्तनपानातून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून नेव्हिरापिन हे औषध सहा आठवडे देऊन पाहणारी चाचणी इथिओपिया, युगांडा आणि भारतात झाली. तिचे भारतातील केंद्र पुण्यातच होते. अशा कामाचा निर्णय जेव्हा दुसऱ्या देशाच्या राजकारणावर अवलंबून राहतो, तेव्हा इथल्या रुग्णाच्या हाती काहीच उरत नाही.

यातून आपल्यासाठीही एक धडा आहे. तज्ज्ञांची पद्धत कितीही जुनी आणि नावाजलेली असली, तरी तिला कायद्याचे आणि पारदर्शकतेचे कुंपण नसेल, तर ती एका आदेशाने वाकवता येते. कोणते अर्ज आले, किती मंजूर झाले, कोणत्या राज्यांतील आणि कोणत्या प्रकारच्या संस्थांना किती रक्कम मिळाली, समितीत कोण होते आणि हितसंबंध असलेला सदस्य बाजूला झाला का, ही माहिती दरवर्षी एकत्र आणि सोप्या स्वरूपात लोकांसमोर ठेवली गेली पाहिजे. पैसा करदात्याचा आहे, म्हणून एवढी अपेक्षा रास्तच ठरते.

मंजुरीनंतरची अडथळ्यांची शर्यत

मंजुरीपत्र हाती आले म्हणजे काम सुरू झाले, असेही नाही. यंत्रखरेदीचे नियम, निविदा आणि सरकारी पोर्टलवरील सक्तीची खरेदी यांत महिने जात. जून २०२५ मध्ये केंद्राने यात काही सूट दिली. दरपत्रके न मागवता करता येणाऱ्या वैज्ञानिक खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपयांवर गेली आणि कुलगुरू व संस्थाचालकांना जागतिक निविदांचे जादा अधिकार मिळाले. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, संशोधन अनुदानांवरील जीएसटीचा घोळ मिटवत परिषदेने त्यांना सूट दिली होती. ही पावले योग्य दिशेची आहेत.

माणसांचा प्रश्न अजून बाकी आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ मध्ये महिना ३७,००० रुपये झाली. पण हप्ता वेळेवर आला नाही, तर कागदावरची वाढ घरभाड्याला उपयोगी पडत नाही. घरभाड्याची तारीख महिन्याच्या महिन्याला येते आणि हप्ता मात्र प्रमाणपत्रांच्या फायलीमागून. हुशार मुले याच टप्प्यावर संशोधन सोडून औषध कंपनीचा किंवा परदेशाचा रस्ता धरतात.

१ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेकडे अनेकजण आशेने पाहतात. ती योजना मुख्यतः खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा बिनव्याजी कर्ज देण्यासाठी आहे. लस, यंत्र, औषध बनवणाऱ्यांना तिचा उपयोग होईल. वाघोलीच्या धुळीला मात्र बाजार नाही. तिच्या अभ्यासातून विकता येईल अशी वस्तू निघणार नाही. निघालेच तर क्रशरवर पाणी फवारण्याचा नियम, मजुरांच्या नियमित तपासणीची शिफारस किंवा वस्ती आणि खाण यांच्यात किती अंतर असावे याचा निकष निघेल. अशा ज्ञानासाठी कंपनी पैसे गुंतवत नाही, ते सरकारनेच द्यावे लागतात. सरकारी अनुदानाचे खरे प्रयोजन तेच आहे.

करता येण्याजोगे

म्हणूनच नव्या १,५०० कोटींचे आणि आयसीएमआरच्या वाढत्या तरतुदीचे यश किती अनुदाने वाटली यावर मोजून चालणार नाही. काही गोष्टी तुलनेने कमी खर्चात करता येतील. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या महाविद्यालयांसाठी पाच-दहा लाखांची बीज-अनुदाने वेगळी ठेवता येतील आणि तिथे बरोबरीच्या अर्जांत चिठ्ठीचा प्रयोगही करून पाहता येईल. लहान महाविद्यालयाला अनुभवी संस्थेशी जोडता येईल. अनुसंधान प्रतिष्ठानाने केंद्रस्थानी एक सक्षम संस्था आणि भोवती होतकरू संस्था अशी योजना सुरू केलीच आहे. पुण्यासारख्या शहरात, जिथे तासाभराच्या अंतरात एनआयव्ही, केईएम आणि बी. जे. महाविद्यालय आहेत, तिथे वैद्यकीय संशोधनासाठी ती सहज रुजू शकते. वढूसारखी नोंदणी-क्षेत्रे रस्ते आणि धरणांप्रमाणे पायाभूत सुविधा मानून त्यांना दहा-पंधरा वर्षांचा निश्चित निधी देता येईल. दर तीन वर्षांनी त्यांनी नव्याने हात पसरावेत, यात ना बचत आहे ना शहाणपण.

वढूच्या आणि शिरूरच्या आयांनी आपल्या बाळांच्या नोंदी विश्वासाने दिल्या. त्यांच्या लेकरांमुळे मिळालेल्या उत्तरांचा फायदा आज देशभरातील बाळांना होतो आहे. वाघोलीच्या खाणीवरचा मजूरही उद्या नळीत फुंकर मारून आपल्या श्वासाचा आकडा नोंदवू देईल, पण त्यासाठी कोणीतरी यंत्र घेऊन त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे. ते यंत्र तिथे पोहोचेल की नाही, याचा निर्णय दिल्लीतील एका बैठकीत, काही मिनिटांच्या मांडणीनंतर होणार आहे. ती बैठक कशी चालते, हे जाणून घेण्याचा हक्क त्या मजुरालाही आहे.